वाकलेल्या पायात स्टेंटचं काय होतं, ते सीटीवरून मोजायचं कसं

पायाच्या धमनीत स्टेंट बसवलेल्या माणसाचा सीटी जवळजवळ नेहमी एकाच अवस्थेत निघतो. माणूस उताणा, पाय सरळ, घोट्यांना पट्टा. चित्र छान येतं, स्टेंट सरळसोट दिसतो, रिपोर्टात 'स्टेंट सुस्थितीत' असं लिहून फाइल बंद होते. तोच माणूस रात्री घरी जमिनीवर मांडी घालून जेवतो, सकाळी उकिडवा बसतो, दोन मजले चढतो. त्या वेळी स्टेंटचं काय होतं, ते त्या चित्रात कुठेच नसतं.

ते चित्र कसं मिळवायचं आणि त्यातून आकडे कसे काढायचे, ते इथे पायरीपायरीने लिहितो आहे. वाचक म्हणून डोळ्यांसमोर आहेत ते बायोमेडिकल किंवा मेकॅनिकलचे पदव्युत्तर विद्यार्थी, रेडिओलॉजीचे रेसिडेंट आणि सीटीच्या कन्सोलवर बसणारे तंत्रज्ञ. तुम्ही पेशंट किंवा नातेवाईक असाल तरी जरूर वाचा, फक्त 'मला पाय वाकवून स्कॅन काढून द्या' म्हणून कुणाच्या मागे लागू नका. ही तपासणी अभ्यासाची आहे, उपचाराची नाही.

आधी धमनी ओळखून घ्या

जांघेतून खाली आलेल्या मुख्य धमनीला मांडीत शिरतानाच दोन फाटे फुटतात. एक खोल जातो आणि मांडीच्या स्नायूंना रक्त पुरवतो, तो प्रोफंडा. दुसरा म्हणजे सुपरफिशियल फेमोरल, बोलताना सगळे नुसतं 'एसएफए' म्हणतात. ही एसएफए मांडीच्या आतल्या अंगाने उतरते, स्नायूंमधल्या एका बोगद्यातून जाते, गुडघ्याच्या वर अडक्टर हायेटस नावाच्या फटीतून मागच्या बाजूला निघते आणि तिथून पुढे तिला पॉप्लिटियल म्हणतात.

नावं पाठ नसली तरी चालेल. लक्षात ठेवायचं ते हे, की बोगद्यात धमनी जखडलेली असते आणि हायेटसच्या खाली, गुडघ्यामागच्या खळग्यातल्या चरबीत, ती बरीच मोकळी असते. गुडघा वाकला की सांध्याच्या मागच्या बाजूचा रस्ता आखूड होतो, पण धमनी तेवढी आखूड होत नाही. सायकलचं हँडल वळवल्यावर ब्रेकची केबल जशी बाजूला फुगवटा काढते, तसंच इथे होतं. जिथे जागा मिळेल तिथे धमनी वाकते, आखडते, थोडी पिळली जाते. त्यातच मधला १०-१२ सेंटिमीटरचा तुकडा स्टेंटने कडक केलेला असेल तर बाकीचं सगळं वाकणं त्याच्या दोन टोकांशी गोळा होतं. म्हणून स्टेंट मोजताना त्याच्या वरची आणि खालची निदान ३-३ सेंटिमीटर धमनीही मोजायची. नुसता स्टेंट मोजणाऱ्याला अर्धीच गोष्ट कळते.

स्टेंट म्हटलं की आपल्याकडे हृदयच आठवतं. हृदयातला नेहमीचा स्टेंट फुग्याने फुलवतात, तो बहुतेक कोबाल्ट-क्रोमियमचा असतो आणि बाहेरून चेपला तर चेपलेलाच राहतो. मांडीतला स्टेंट नायटिनॉलचा, म्हणजे जवळजवळ निम्मं निकेल आणि निम्मं टायटॅनियम. अमेरिकी नौदलाच्या ऑर्डनन्स लॅबोरेटरीत हा मिश्रधातू सापडला, त्या दोन धातूंच्या आणि प्रयोगशाळेच्या आद्याक्षरांवरून त्याचं नाव पडलं. दाबा, वाकवा, सोडा, तो पुन्हा मूळ आकारात येतो. पण मूळ आकारात येतो म्हणजे थकत नाही असं नाही. तार पुन्हापुन्हा वाकवली की कधीतरी तुटतेच.

किती तुटतात, याचा अंदाज २००५ साली जर्मनीतल्या लाइपझिगच्या डिर्क शाइनर्ट आणि सहकाऱ्यांनी दिला. त्यांनी स्टेंट बसवलेले १२१ पाय एक्स-रेखाली तपासले, त्यातल्या ४५ पायांत स्टेंटची मोडतोड सापडली, म्हणजे ३७ टक्के. स्टेंटने व्यापलेली लांबी ८ सेंटिमीटरपर्यंत असेल तर हे प्रमाण १३ टक्के होतं, १६ सेंटिमीटरच्या पुढे गेली तर ५२. त्यानंतर स्टेंटची रचना पुष्कळ सुधारली, विणलेले नायटिनॉल स्टेंट आले, त्यामुळे हे आकडे आजच्या स्टेंटला जसेच्या तसे लावू नका. पण 'लांब स्टेंट आणि हलणारी जागा' हे गणित बदललेलं नाही.

प्रश्न एका वाक्यात लिहा

'स्टेंटचं विरूपण अभ्यासायचं आहे' हा प्रश्न नव्हे. 'गुडघा ९० अंशांत वाकवल्यावर पॉप्लिटियलच्या वरच्या भागातला स्टेंट किती टक्के आखडतो, आणि त्याच्या खालच्या टोकाशी वक्रता किती वाढते' हा प्रश्न झाला. पुढची प्रत्येक निवड, म्हणजे कोणतं यंत्र, कोणती अवस्था, औषध (रक्तवाहिनी चित्रात उठून दिसावी म्हणून टोचायचं कॉन्ट्रास्ट) टोचायचं की नाही, या वाक्यावरून ठरते.

हे वाक्य ठरलं की परवानगीची कागदपत्रं. उपचारासाठी गरज नसलेला जादा स्कॅन म्हणजे जादा किरणोत्सर्ग, त्यामुळे संस्थेच्या नैतिकता समितीची मंजुरी, पेशंटची त्याच्या भाषेतली लेखी संमती आणि आयसीएमआरच्या २०१७च्या मार्गदर्शक तत्त्वांप्रमाणे नोंदी, यांना पर्याय नाही. समितीसमोर जाताना 'पायालाच किरण लागतात, धोका कमी' असं लिहून मोकळं होऊ नका. गुडघे पोटाशी घेऊन झोपलेल्या माणसाची मांडी ओटीपोटाच्याच पातळीवर येते. सरळ पायाच्या स्कॅनमध्ये जे अवयव बाहेर राहिले असते ते वाकलेल्या स्कॅनमध्ये बरोबर आत येतात. समितीत एखादा जाणकार असेल तर हा प्रश्न विचारणारच, तेव्हा उत्तर आधीच तयार ठेवा.

यंत्र कोणतं?

एमआरआयमध्ये किरणोत्सर्ग नाही, आणि स्टेंट नसलेल्या धमनीसाठी ते उत्तम. स्टॅनफर्डच्या क्रिस्टोफर चेंग, चार्ल्स टेलर आणि सहकाऱ्यांनी २००६ मध्ये ८ निरोगी तरुणांचा एमआर अँजिओ उताणं झोपवून आणि मग गुडघे पोटाशी घेऊन काढला. एसएफए सरासरी १३ टक्के आखडली आणि सुमारे ६० अंश पिळली. पुढे ५० ते ७० वर्षांच्या माणसांवर तसाच अभ्यास केला तेव्हा आखडणं ६ टक्क्यांच्या आसपास आलं, पण धमनीला बाक जास्त दिसला. वयाबरोबर धमनीचा ताण सैल पडतो, मग ती आखडायच्या ऐवजी वळसे घेते. स्टेंट ज्यांना लागतात ते याच वयाचे, त्यामुळे तरुण स्वयंसेवकांवरचे आकडे घेऊन स्टेंटचं गणित मांडू नये.

स्टेंट बसला की मात्र एमआरआय हात टेकतो. नायटिनॉलची जाळी रेडिओलहरी अडवते आणि भोवतीचं चुंबकीय क्षेत्र बिघडवते. स्टेंटच्या जागी काळा पट्टा दिसतो, त्याची कड कुठे ते सांगता येत नाही.

एक्स-रे फ्लुरोस्कोपी, म्हणजे पडद्यावर चालतं दिसणारं एक्स-रे चित्र, कॅथलॅबमध्ये हाताशी असते, धातूच्या बारीक तारा सर्वांत स्पष्ट तिथेच दिसतात. अडचण एकच, चित्र सपाट येतं. एका दिशेने घेतलेल्या एक्स-रेवरून लांबी मोजणं म्हणजे सावलीवरून उंची मोजणं. दोन दिशांनी, मधे निदान ३० अंशांचा, शक्यतो ९० च्या जवळचा कोन ठेवून चित्रं घेतली तर त्रिमिती आकार उभा करता येतो.

आकार मोजायला मी सीटी घेतो आणि मोडतोड शोधायला एक्स-रे. नायटिनॉल स्टेंटच्या काड्यांची जाडी मिलिमीटरच्या पाचव्या-सहाव्या हिश्शाएवढी असते आणि साध्या सीटीचा व्होक्सेल, म्हणजे चित्राचा सर्वांत लहान त्रिमिती ठोकळा, अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास. एकेक काडी दिसेल ही अपेक्षाच ठेवू नका. अमेरिकेत २०२१ मध्ये मंजुरी मिळालेले फोटॉन मोजणारे नवे सीटी याहून बारीक पाहतात, तुमच्या आवाक्यात असेल तर भाग्यवान आहात. पुढचं सगळं साध्या ६४ किंवा १२८ स्लाइसच्या मशीनवर होतं असं धरून लिहितो आहे.

पाय वाकवायचा कसा (सगळ्यात जास्त वेळ इथे जातो)

सीटीचं तोंड साधारण ७० सेंटिमीटर रुंद. त्यात उताण्या माणसाचे गुडघे उभे करून मावत नाहीत, म्हणून कुशीवर झोपवावं लागतं. ज्या पायात स्टेंट आहे तो पाय खाली, टेबलाला टेकलेला, कारण खालचा पाय हलत नाही. वरचा पाय शक्य तेवढा सरळ आणि मागे, म्हणजे तो चित्रात आडवा येत नाही. दोन्ही पायांत स्टेंट असतील तर दोन्ही वाकवा आणि गुडघ्यांमध्ये जाड उशी द्या, नाहीतर दोन स्टेंट एकमेकांवर चढलेले दिसतात.

कोन ठरवून मोजायचा. ऑर्थो विभागातून प्लॅस्टिकचा गोनिओमीटर (सांध्याचा कोन मोजायचं दोन भुजांचं साधन) आणा, एक भुजा मांडीच्या हाडाच्या रेषेत, दुसरी नडगीच्या. कागदावर '९० अंश' लिहायचं आणि प्रत्यक्षात ७५ असायचं, हे इतकं सर्रास होतं की नंतर सीटीवरच मांडीचं हाड आणि नडगी यांमधला कोन पुन्हा मोजावा आणि तोच खरा धरावा. गुडघ्याइतकाच खुब्याचाही कोन नोंदवा. वरच्या भागातल्या स्टेंटला खुब्याचं वाकणं जास्त जाणवतं.

अवस्था किती घ्यायच्या? नेब्रास्का विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्रात अलेक्सी कामेन्स्की आणि जेसन मॅकटॅगर्ट यांच्या गटाने मृतदेहांच्या धमन्यांत नायटिनॉलच्या छोट्या खुणा सोडून सीटी काढले, तेव्हा त्यांनी उभं राहणं, चालणं, खुर्चीवर बसणं आणि बागकाम करताना गुडघे दुमडणं अशा अवस्था धरल्या. गुडघ्याचे कोन अनुक्रमे १८० (म्हणजे सरळ), ११०, ९० आणि ६० अंश. मांडीच्या मधल्या भागापेक्षा हायेटसपाशी आणि गुडघ्याच्या खाली धमनीचे हाल जास्त होतात, हे त्यात स्वच्छ दिसलं. त्यांच्याकडे जी 'बागकामा'ची अवस्था ती आपल्याकडे रोजची आहे. भाताची लावणी, धुणं, देशी संडास, पंगत, नमाज. भारतातल्या पेशंटवर अभ्यास करायचा आणि ९० अंशांवर थांबायचं याला माझ्या मते काही अर्थ नाही. सरळ, ९०, आणि झेपेल तितकं पूर्ण दुमडलेलं, अशा निदान तीन अवस्था ठरवा. किरणोत्सर्गामुळे दोनच परवडत असतील तर मधली सोडा.

झेपेल तितकं, हे शब्द महत्त्वाचे. एका आजींना टेबलावर गुडघा पोटाशी घेता येईना, दुखतंय म्हणाल्या. तंत्रज्ञाने विचारलं, "आजी, घरी खाली बसता का?" "बसते की, भाकरी खालीच बसून करते." मग तिने त्यांना टेबलावरून उतरवलं, खोलीतच जमिनीवर बसायला सांगितलं आणि त्या बसल्या तशाच गोनिओमीटरने कोन मोजून घेतला. पुन्हा कुशीवर झोपवून मांडी-पोटरीमध्ये मऊ फोमचं वेज (पाचर) ठेवलं आणि त्या कोनाच्या जवळपास नेलं. 'गुडघा वाकवा' या सूचनेपेक्षा 'घरी बसता तसं' ही सूचना माणसाला कळते.

वेज मिळालं की पट्टे बांधा, पण सैल. पोटरी घट्ट आवळली की खळग्यातली धमनी बाहेरून दाबली जाते आणि तुम्ही स्टेंटच्या ऐवजी पट्टा मोजता. अवस्था घेतल्यावर एखादं मिनिट थांबा, मग स्कॅन.

स्कॅनच्या सेटिंग्ज

जाडी ०.५ ते ०.६ मिलिमीटर, एकमेकांवर थोडी चढणारी. औषध हवंच असं नाही. धातू त्याशिवायही दिसतो आणि या पेशंटांमध्ये मूत्रपिंड आधीच नाजूक असलेले बरेच असतात. उपचारासाठी सरळ पायाचा अँजिओ होणारच असेल तर तो औषधासह घ्या आणि वाकलेला स्कॅन औषधाशिवाय. मग वाकलेल्या चित्रात धमनी ओळखायची कशी? भिंतीतल्या कॅल्शियमच्या खड्यांवरून. इतर वेळी सीटी वाचणाऱ्याला नकोसे वाटणारे हे खडे इथे मैलाचे दगड होतात.

चूक होते ती पुनर्रचनेच्या (स्कॅनच्या मोजमापांतून चित्र उभारण्याच्या) चौकटीत. ५१२ पिक्सेलची चौकट २० सेंटिमीटरवर पसरली तर एक पिक्सेल ०.३९ मिलिमीटरचा होतो, ३५ सेंटिमीटरवर पसरली तर ०.६८ चा. वाकलेला पाय जास्त जागा खातो म्हणून कन्सोलवरचा माणूस चौकट मोठी करतो, आणि सरळ व वाकलेल्या चित्रांची बारकाई वेगवेगळी होते. दोन्ही अवस्थांची दोन-दोन पुनर्रचना मागून घ्या. एक मोठी, ज्यात सगळी हाडं येतील, आणि एक स्टेंटभोवतीची २० सेंटिमीटरची. कर्नल, म्हणजे चित्र किती धारदार दिसेल ते ठरवणारा फिल्टर, दोन्हींत तोच, मध्यम धारदार. धातूमुळे चित्रात उमटणारे पट्टे घालवणारं सॉफ्टवेअर चालू केलेलं असेल तर ते बंद ठेवलेली प्रतही जपून ठेवा, कधीकधी ते पट्ट्यांबरोबर स्टेंटची कडही पुसतं.

मध्यरेषा काढणं

सॉफ्टवेअरला पैसे लागत नाहीत. ३डी स्लायसर, त्यातलं व्हीएमटीके, किंवा सिमव्हॅस्क्युलर, तिन्ही मोफत आहेत. फाइल उघडताच नाव, नोंदणी क्रमांक, जन्मतारीख डायकॉममधून (सीटीच्या चित्रांच्या फाइलमधून) काढून टाका आणि मगच कामाला लागा.

स्टेंट वेगळा करायला थ्रेशोल्ड लावा, म्हणजे ठरावीक मूल्याहून पांढरं तेवढंच ठेवा. स्टेंटचा धातू, कॅल्शियम आणि हाड, तिन्ही पांढरी दिसतात, त्यामुळे थ्रेशोल्डनंतर हाताने कापाकापी करावीच लागते. इथे एक दिलासा आहे. थ्रेशोल्ड ६०० ठेवला काय नि ९०० हौन्सफील्ड (सीटीतल्या पांढरेपणाचं एकक) ठेवला काय, स्टेंटचा व्यास बदलतो, पण मध्यरेषा, म्हणजे स्टेंटच्या मधोमध जाणारी रेषा, जवळजवळ तिथेच राहते, कारण कड दोन्ही बाजूंनी सारखीच सरकते. म्हणून या सगळ्या अभ्यासात लांबी आणि वक्रतेवर विश्वास ठेवा, व्यासावर कमी.

जाळी आतून भरून एक भरीव दांडी करा, व्हीएमटीकेला दोन टोकं दाखवा, मध्यरेषा मिळते. ती थोडी थरथरती येते. हलकं गुळगुळीत करणं आवश्यक आहे, पण किती केलं ते लिहून ठेवा, आणि दोन्ही अवस्थांना तेवढंच करा. जास्त गुळगुळीत केलं की बाक नाहीसा होतो.

मग दोन्ही स्कॅनमधली मांडीची हाडं एकावर एक बसवा. हाड बदलत नाही, त्यामुळे ते जुळलं की धमनी हाडाच्या तुलनेत किती सरकली ते दिसायला लागतं. गुडघ्याच्या खालच्या भागासाठी हेच नडगीवर पुन्हा करा.

आकडे

लांबी सोपी. स्टेंटच्या वरच्या टोकाच्या खुणांपासून खालच्या टोकाच्या खुणांपर्यंत मध्यरेषेवरून मोजा. बऱ्याच स्टेंटना टोकांशी टँटलमसारख्या जड धातूचे ठिपके असतात, ते चित्रात ठळक दिसतात. समजा सरळ पायात ११८.६ मिलिमीटर आणि वाकलेल्या पायात १११.९ आली. फरक ६.७, त्याला ११८.६ ने भागलं की ५.६ टक्के आखडलं. भागायचं ते सरळ पायाच्या मोजलेल्या लांबीने, खोक्यावर छापलेल्या १२० ने नव्हे. स्टेंट बसवतानाच थोडा ताणला किंवा दबला जातो.

वक्रतेपाशी बहुतेकजण फसतात. वक्रता म्हणजे त्या जागी बसणाऱ्या वर्तुळाच्या त्रिज्येचा व्यस्त. मध्यरेषेवर तीन बिंदू घ्या, त्यांच्या त्रिकोणाच्या तिन्ही बाजूंचा गुणाकार करा, त्याला क्षेत्रफळाच्या चौपटीने भागा, त्रिज्या मिळते. लगतच्या बिंदूंमधलं अंतर १० मिलिमीटर आणि टोकाच्या दोन बिंदूंमधलं १८ असेल तर क्षेत्रफळ ३९.२, त्रिज्या ११.५ मिलिमीटर, वक्रता सेंटिमीटरला ०.८७.

प्रश्न येतो बिंदू किती लांब घ्यायचे हा. वरच्या उदाहरणात मधला बिंदू टोकांना जोडणाऱ्या रेषेपासून ४.४ मिलिमीटर वर आहे. तो अर्धा मिलिमीटर चुकला तर त्रिज्या ११.५ ऐवजी १२.४ येते, आठ टक्क्यांची चूक, चालून जाईल. आता त्याच बाकावर बिंदूंमधलं अंतर २.५ मिलिमीटर घ्या. मधल्या बिंदूची उंची उरते जेमतेम ०.२७ मिलिमीटर, म्हणजे व्होक्सेलच्या निम्मी. आता तुम्ही स्टेंट मोजत नसून चित्रातला खरखरीतपणा मोजता आहात. अंतर उलट २५ मिलिमीटर घेतलं तर तीक्ष्ण बाक सपाट होऊन जातो. मी १० मिलिमीटरला सुरुवात करतो आणि ८ व १२ ने पुन्हा मोजून निष्कर्ष बदलत नाही ना ते पाहतो.

पीळ मोजायला दोन टोकांवरचे ठिपके कामी येतात. मध्यरेषेला काटकोनात कापणाऱ्या प्रतलात वरच्या ठिपक्यांची दिशा, तशीच खालच्यांची, आणि दोन्हींमधल्या कोनात अवस्थेनुसार पडलेला फरक. १२ सेंटिमीटरच्या स्टेंटमध्ये हा फरक २४ अंश असेल तर पीळ सेंटिमीटरला २ अंश. दिशा वरून खाली नेताना फ्रेने चौकट, म्हणजे बाकाच्या दिशेला बांधलेले अक्ष, वापरू नका. बाक जिथे उलटतो तिथे ती गपकन उलटी फिरते आणि १८० अंशांचा खोटा पीळ दाखवते. बिशप चौकट, म्हणजे मध्यरेषेवर न गिरकी घेता सरकणारी चौकट, वापरा.

आणि उजवा-डावा पाय. आमच्या पहिल्या मोजमापात सरासरी पीळ जवळजवळ शून्य आला. दोन दिवस आम्ही 'स्टेंट पिळाला दाद देत नाही' या निष्कर्षावर खूश होतो. तिसऱ्या दिवशी लक्षात आलं की डावा पाय हा उजव्याचा आरसा आहे, त्याचा पीळ उलट्या चिन्हाचा येतो, आणि आम्ही दोन्हींची सरळ बेरीज करून सरासरी काढली होती. डाव्या पायांची चिन्हं बदलून मगच एकत्र करा.

छेदाच्या चपटेपणासाठी मोठा व्यास भागिले लहान व्यास. धातूभोवतीच्या उजेडामुळे ६ मिलिमीटरचा स्टेंट सीटीत ७ चा सहज दिसतो, म्हणून नुसता व्यास कुठे छापू नका. त्याच कर्नलवर दोन अवस्थांतली तुलना तेवढी द्या.

चूक किती, ते पेशंटच्या आधी मोजा

हा भाग खरं तर सगळ्यात आधी करायचा. बॉलपेनातली स्प्रिंग काढा, फिशटँकच्या पारदर्शक नळीत सरकवा. व्हर्नियरने मोजलेल्या ५० मिलिमीटर व्यासाच्या पीव्हीसी पाइपवर ती नळी गुंडाळून चिकटपट्टीने बांधा. नळीची बाहेरची जाडी ६ मिलिमीटर असेल तर मध्यरेषेची त्रिज्या २५ अधिक ३, म्हणजे २८ मिलिमीटर, आणि खरी वक्रता सेंटिमीटरला ०.३६. हे सगळं पाण्याने भरलेल्या प्लॅस्टिकच्या डब्यात बुडवून मशीन रिकामं असताना स्कॅन करा. वर सांगितलेली सगळी प्रक्रिया त्यावर चालवा. ०.३६ च्या ऐवजी किती आलं? ०.३३ ते ०.३९ मध्ये असेल तर पुढे चला. ०.५ आलं तर गुळगुळीत कमी पडलं किंवा बिंदू फार जवळ आहेत. स्प्रिंग पोलादाची असल्यामुळे पट्टे नायटिनॉलपेक्षा जास्त पडतात, म्हणजे परीक्षा थोडी अवघडच आहे. पुढे कुणाकडून मुदत संपलेला खरा स्टेंट मिळाला तर तीच परीक्षा त्यावर घ्या.

पेशंटांचे स्कॅन आले की दोघांनी, एकमेकांचे आकडे न पाहता, तेच स्कॅन मोजावेत. एकाने दोन आठवड्यांनी पुन्हा. दोन मोजमापांतला फरक जर २ टक्के येत असेल, तर १.५ टक्के आखडल्याचा शोध तुम्ही लावलेला नाही.

मोडतोड

इथे सीटी बाजूला ठेवून मोठा करून घेतलेला एक्स-रे पाहा, दोन तिरप्या दिशांनी. एक काडी तुटली तर पहिला प्रकार, अनेक काड्या तुटल्या तर दुसरा, स्टेंट आरपार तुटला पण तुकडे एका रेषेत राहिले तर तिसरा, तुकडे एकमेकांपासून सरकले तर चौथा. कुठे तुटलं ते मध्यरेषेवरच्या अंतरात लिहा, म्हणजे वक्रतेच्या आलेखावर ती जागा मांडता येते. तुटलेली जागा आणि वक्रतेचं शिखर जवळजवळ आले, तर पुढच्या गणिताला पाया मिळतो.

संगणकावरचं मॉडेल करायचं असल्यास

सीटीमधून स्टेंटचा बाहेरचा आकार मिळतो, धातूवरचा ताण (म्हणजे धातू किती टक्के ताणला जातो ते) मिळत नाही. ६ मिलिमीटरच्या भरीव दांडीला ११.५ मिलिमीटर त्रिज्येत वाकवलं तर बाहेरच्या कडेवर २६ टक्के ताण येईल, पण स्टेंट जाळी आहे. काड्यांचे कोन उघडतात, मिटतात, आणि धातूवर त्याचा छोटासा भागच पोचतो. तो भाग काढण्यासाठी स्टेंटचं फायनाइट एलिमेंट मॉडेल लागतं, म्हणजे स्टेंटचे बारीक तुकडे कल्पून प्रत्येकावरचं गणित करणारं मॉडेल. सीटीतून मिळालेल्या दोन मध्यरेषा त्याला सीमा म्हणून द्यायच्या: सरळ अवस्थेतून वाकलेल्या अवस्थेत ने, आणि परत आण. बघायचा तो प्रत्येक फेरीतला ताणाचा चढउतार. नायटिनॉल एक कोटी फेऱ्या टिकायचं तर हा चढउतार, म्हणजे मध्यापासून एका बाजूचा, ढोबळमानाने ०.४ टक्क्याच्या आत हवा असं मानतात.

एक कोटी कुठून आलं? स्टेंटच्या चाचणीत चालण्याच्या वर्षाला दहा लाख फेऱ्या धरतात, दहा वर्षांच्या एक कोटी. नाडीचे ठोके वेगळे, मिनिटाला ७२ धरले तर दहा वर्षांत ३८ कोटींच्या जवळ जातात. हृदयातल्या स्टेंटला मुख्यतः ठोके सोसायचे असतात, मांडीतल्याला ठोके आणि पावलं दोन्ही. उकिडवं बसण्याच्या फेऱ्या मोजायच्या तर त्या पावलांपेक्षा कितीतरी कमी, दिवसाला वीस-पंचवीस धरा, पण प्रत्येक फेरी खोल. मॉडेलमध्ये या दोन प्रकारच्या फेऱ्या वेगळ्या चालवा, एका सरासरीत मिसळू नका.

फाइलमध्ये काय ठेवायचं

प्रत्येक पायासाठी: स्टेंटचा व्यास-लांबी, धमनीतली जागा, बसवल्याची तारीख, स्कॅनची तारीख, सीटीवर मोजलेले गुडघ्याचे आणि खुब्याचे कोन, कुशीची बाजू, कर्नल, चौकट, थ्रेशोल्ड, गुळगुळीत करण्याची मात्रा, बिंदूंमधलं अंतर, आणि मोजणाऱ्याचं नाव. मध्यरेषेचे बिंदू साध्या सीएसव्हीत (स्वल्पविरामांनी विभागलेल्या आकड्यांच्या फाइलमध्ये). ३डी स्लायसर आणि डायकॉम यांच्या अक्षांची चिन्हं वेगळी असतात, त्यामुळे सीएसव्हीच्या पहिल्या ओळीत अक्ष कोणते तेही लिहा, नाहीतर सहा महिन्यांनी धमनी हाडाच्या पलीकडे हवेत तरंगताना सापडेल. पेशंट वर्षाने पुन्हा आला तर तोच कोन, तीच कूस, तोच कर्नल. त्यासाठी फोमच्या वेजवर पेशंटचा सांकेतिक क्रमांक मार्करने लिहून ते कपाटात ठेवायचं, आणि साफसफाई करणाऱ्या मावशींना सांगून ठेवायचं की ते फेकायचं नाही.